कनखलचा सेवाश्रम : दोन संन्याशांची रुग्णसेवा

हरिद्वार-ऋषीकेशच्या पट्ट्यात सव्वाशे वर्षांपूर्वी आजारी साधूला कोणी वाली नव्हता. अंगात चालण्याचे त्राण असेपर्यंत अन्नछत्रात भिक्षा मिळे. ताप चढला, हगवण लागली की गवताच्या झोपडीत पडून राहायचे, बरे झालो तर झालो. मेळ्यांच्या दिवसांत पटकीचे भय असायचेच. परिव्राजक असताना विवेकानंद स्वतः ऋषीकेशला तापाने मरणाच्या दारात जाऊन आले होते. इथल्या आजारी साधूंची काय दैना होते, हे त्यांना कोणी सांगायला नको होते. आपले शिष्य स्वामी कल्याणानंद यांना त्यांनी तिकडे धाडले आणि १९०१ साली हरिद्वारजवळच्या कनखलला सेवाश्रमाचे काम सुरू झाले.

कल्याणानंद डॉक्टर नव्हते. पूर्व बंगालातल्या बारिसालकडचा हा तरुण. बेलूर मठात असताना गुरूंनी बर्फ आणायला सांगितला, तर कलकत्त्याहून अर्धा मण बर्फ डोक्यावर घेऊन आला होता. कनखलला त्यांनी महिना तीन रुपये भाड्याने दोन खोल्या घेतल्या. त्यात होमिओपॅथीच्या औषधांची पेटी, रोग्यांसाठी अंथरुणे आणि एका कोपऱ्यात स्वतःची पथारी. औषध देणे, पेज शिजवणे, रोग्याचे अंग पुसणे, घाण काढणे, सगळे एकहाती. स्वतःचे पोट मात्र माधुकरीवर. रोग्यासाठी आलेल्या पैशातून स्वतः खायचे नाही, हा नेम.

विवेकानंद १९०२ मध्ये गेले आणि पुढच्या वर्षी कल्याणानंदांना जोडीदार मिळाला. स्वामी निश्चयानंद, पूर्वाश्रमीचे सूरजराव. हे मराठी होते, लष्करात नोकरी केलेले. काहीच जमले नाही तर एक पैशाची भीक मागून मातीची घागर घे आणि रस्त्याच्या कडेला बसून तहानलेल्याला पाणी पाज, अशी गुरू विवेकानंदांची त्यांना शिकवण होती. हा शिपाईगडी कनखलला आला तो कायमचा. पहाटे औषधांची पेटी खांद्यावर टाकून ते ऋषीकेशला निघत. झोपडी-झोपडीत डोकावून आजाऱ्याला औषध देत, दुपारी छत्रात भिक्षा घेत आणि परत कनखल गाठत. जाऊन-येऊन तीस मैल, तेही पायी. आल्यावर खोलीतले रोगी वाट पाहत असतच.

या कामाला खरा अडथळा आला तो पैशाचा नव्हे. संन्याशाने कर्म सोडलेले असते. त्याने रोग्याचे मलमूत्र काढावे, कोणत्याही जातीच्या माणसाला शिवावे, हे तिथल्या साधुसमाजाला भ्रष्टपणाचे वाटले. ‘भंगी साधू’ असे नाव पडले. भंडाऱ्याला त्यांना बोलावणे बंद झाले, पंगतीत जागा नाही. ज्यांची शुश्रूषा करायची, त्यांच्याच बिरादरीने वाळीत टाकायचे! दोघांनी वाद घातला नाही की काम थांबवले नाही. रोग्यात नारायण आहे ही त्यांची श्रद्धा होती. ज्याला पूजा समजून हात लावला, तो विटाळ कसा होईल?

कोंडी फोडली ऋषीकेशच्या कैलास आश्रमाचे महंत धनराज गिरी यांनी. वेदान्ताचे ते मोठे पंडित, साधुसमाजात त्यांच्या शब्दाला वजन. एका मोठ्या भंडाऱ्यात हे दोघे दिसेनात, तेव्हा त्यांनी चौकशी केली आणि ते आल्याशिवाय आपण जेवणार नाही असे बजावले. दोघांना बोलावून आणले, मानाने बसवले. खरे साधू हेच, असे सर्वांसमक्ष सांगितले. बहिष्कार तिथे संपला. श्रद्धेच्या नावाने घातलेली आडकाठी श्रद्धेच्याच अधिकाराने दूर झाली, आणि बाहेरच्या कोणा सुधारकाला ती इतक्या लवकर हलवता आली असती असे मला वाटत नाही.

पुढची वाढ थोडक्यात सांगता येते. हिमालयातल्या मायावती आश्रमाचे स्वामी स्वरूपानंद यांनी वर्गणीसाठी खटपट केली, कलकत्त्याचे देणगीदार पुढे आले, जमीन घेतली गेली, इमारती उठल्या. साधूंसाठी सुरू झालेले काम यात्रेकरू आणि आसपासच्या गरिबांपर्यंत पोचले. १९३४ मध्ये निश्चयानंद गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत एक तरुण मुंबईहून अनवाणी चालत कनखलला येऊन दाखल झाला. तेच पुढे अमेरिकेत बोस्टनला अनेक वर्षे काम करणारे स्वामी सर्वगतानंद. कल्याणानंदांच्या अखेरच्या दिवसांत सेवाश्रमाच्या कामाला त्यांचा हातभार लागला. बंगाल विसर, असे गुरूंनी सांगितले म्हणून पस्तीस-छत्तीस वर्षांत एकदाही बंगालात न गेलेले कल्याणानंद १९३७ मध्ये मसुरीला निवर्तले.

आज तिथे दीडशेहून अधिक खाटांचे आधुनिक रुग्णालय आहे. होमिओपॅथीच्या पेटीची जागा शस्त्रक्रियागृहाने आणि प्रयोगशाळेने घेतली आहे, आणि ते योग्यच झाले. श्रद्धेने माणूस रोग्याजवळ बसतो, पण रोग बरा करायला वैद्यकच लागते, हे सेवाश्रमाने वेळीच ओळखले.

महाराष्ट्रातून दरवर्षी असंख्य माणसे हरिद्वारला जातात. निश्चयानंदांचे नाव मात्र आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. हर की पौडीपासून कनखल अगदी जवळ आहे. गंगास्नान झाले की तासभर काढून सेवाश्रमात जाऊन या, आणि जमेल तेवढी मदत तिथल्या रोग्यांसाठी देऊन या.