काढा, तेल की ईथरचा अर्क? आर्टेमिसिनिनच्या शोधातला एक धडा

औषधी वनस्पतींवर काम करायचं ठरवलेल्या बहुतेकांच्या संशोधन प्रस्तावात एक वाक्य हमखास असतं: पानं वाळवून, भुकटी करून अर्क काढला जाईल. वाक्य चूक नाही, पण अपुरं आहे. अर्क कशात काढणार? किती तापमानाला? आणि तेच का? या प्रश्नांपाशी एक मोठा शोध अडला होता आणि तिथूनच तो सुटलाही. आज त्याचा इतिहास बघू.

पार्श्वभूमी

१९६० च्या दशकात आग्नेय आशियात मलेरियाचे परजीवी क्लोरोक्विनला दाद देईनासे झाले होते. व्हिएतनाम युद्धात गोळ्यांइतकीच मलेरियाचीही धास्ती होती. नवं औषध शोधण्यासाठी चीनने २३ मे १९६७ रोजी एक गुप्त प्रकल्प सुरू केला. तारखेवरून त्याला '५२३' हे नाव पडलं. जानेवारी १९६९ मध्ये बीजिंगच्या पारंपरिक चिनी वैद्यक अकादमीतल्या तू यूयू यांच्याकडे एका गटाचं नेतृत्व आलं.

त्यांच्या गटाने जुन्या ग्रंथांतून आणि वैद्यांकडून दोन हजारांवर पाठ गोळा केले. सुमारे २०० वनस्पतींपासून ३८० हून अधिक अर्क तयार करून ते मलेरिया झालेल्या उंदरांवर तपासले. 'छिंगहाव', म्हणजे आर्टेमिसिया अॅन्युआ, ही त्यातलीच एक वनस्पती. (आपला दवणा याच आर्टेमिसिया कुळातला, फक्त जाती वेगळी.) एका चाचणीत तिच्या अर्काने परजीवींची वाढ ६८ टक्क्यांपर्यंत रोखली. पण प्रयोग पुन्हा केल्यावर तो आकडा काही टिकला नाही.

इथे थांबून विचार करा. तुमच्या हातात असा निकाल आला असता तर? बरेच जण वनस्पतीवर फुली मारून पुढच्या नमुन्याकडे वळतील. तू यूयू मात्र पद्धतीकडे वळल्या.

जुन्या ग्रंथाने काय दिलं?

चौथ्या शतकातल्या ग हाँग यांच्या तातडीच्या उपचारांवरच्या ग्रंथात छिंगहाव पाण्यात भिजवून, पिळून त्याचा रस पिण्याची कृती आहे. त्यात उकळण्याचा उल्लेखच नाही. आपल्याला हा फरक नवा नाही. आयुर्वेदात स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट या पाच वेगवेगळ्या कल्पना मानल्या आहेत. क्वाथ म्हणजे उकळून आटवलेला काढा, तर हिम म्हणजे गार पाण्यात भिजवून केलेला. वनस्पती तीच असली तरी हाती येणारा पदार्थ एकच नसतो.

तू यूयू यांनी तर्क केला, की उष्णतेने क्रियाशील घटक नष्ट होत असावा. म्हणून त्यांनी सुमारे ३५ अंश सेल्सिअसला उकळणारा ईथर वापरून कमी तापमानाला अर्क काढला. पुढे त्याचे आम्लधर्मी आणि उदासीन असे दोन भाग केले. ४ ऑक्टोबर १९७१ रोजी त्यातला उदासीन भाग उंदरांमधल्या परजीवींवर १०० टक्के परिणामकारक ठरला.

त्यानंतरचा प्रवासही सोपा नव्हता. मोठ्या प्रमाणावर अर्क काढायला घरगुती पाण्याचे रांजण वापरावे लागले. ईथरच्या वाफांनी सहकाऱ्यांच्या तब्येती बिघडल्या. जुलै १९७२ मध्ये तू यूयू आणि दोन सहकाऱ्यांनी तो अर्क आधी स्वतः घेऊन पाहिला आणि मग हैनान बेटावर २१ रुग्णांना दिला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये शुद्ध स्फटिक मिळाले. तेच आर्टेमिसिनिन. २०१५ चं नोबेल या कामाला मिळालं.

पण नक्की कशामुळे जमलं?

आता संशोधनाच्या विद्यार्थ्याने विचारायचा प्रश्न. जुन्या काढ्यात पाणी होतं आणि ते उकळलं होतं. नव्या पद्धतीत ईथर होता आणि तापमान कमी होतं. म्हणजे दोन गोष्टी एकदम बदलल्या! मग यश कोणाच्या खात्यात टाकायचं?

'उष्णतेने औषध मरत होतं' ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. पण शुद्ध आर्टेमिसिनिन तसं बऱ्यापैकी उष्णता सहन करतं. व्यावसायिक उत्पादनात तर हेक्झेनसारखे द्रावक कोमट करून वापरतात. उलट पाण्यात ते फारच कमी विरघळतं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गरम पाण्यात केलेल्या एक लिटर छिंगहाव चहात ९४.५ मिलीग्रॅम आर्टेमिसिनिन सापडलं. म्हणजे गरम पाण्यात ते थोडं उतरतं, सगळं नष्ट होत नाही, पण उपचाराला ते पुरेसं नाही. जागतिक आरोग्य संघटनाही मलेरियासाठी हा चहा वापरू नका असंच सांगते. एकूण पाहता द्रावकाच्या बदलाचा वाटा मोठा होता असं मानायला भरपूर जागा आहे.

याने तू यूयू यांचं श्रेय कमी होत नाही. त्यांचा तर्क अर्धा बरोबर असला, तरी निर्णयाची परीक्षा दर वेळी उंदरांवरच्या चाचणीत होत होती. म्हणून तो तर्क त्यांना योग्य जागी घेऊन गेला. पण तुमच्याकडे युद्ध नाही, वेळ आहे. तुम्ही पाणी आणि हेक्झेन, दोन्ही ३० आणि ६० अंशांना, असे चार अर्क काढा. द्रावकाचा परिणाम किती आणि तापमानाचा किती, हे वेगळं कळेल.

आणखी एक. याच पानांचं वाफेच्या ऊर्ध्वपातनाने, म्हणजे दवण्याचं काढतात तसंच, सुगंधी तेल काढलं तर कापरासारखे उडणारे घटक तेलात येतात. आर्टेमिसिनिन उडणारं नाही, ते चोथ्यातच राहतं. अशा तेलाची चाचणी करून 'वनस्पतीत मलेरियाविरोधी गुण नाही' असा निष्कर्ष कोणी लिहिला, तर त्याचा प्रयोग नीट झालेला असेल, पण वाक्य चुकीचं असेल. निष्कर्ष त्या अर्काचा आहे, वनस्पतीचा नाही.

तेव्हा प्रस्ताव पुन्हा उघडा आणि त्या एका वाक्याच्या जागी चार गोष्टी लिहा: कोणता भाग, कोणता द्रावक, किती तापमान आणि प्रत्येक निवडीचं कारण. कारण सापडत नसेल तर तोच तुमचा पहिला प्रयोग समजा.