अंधाराच्या रक्षणार्थ

आपल्या भाषेत अंधार हा बहुधा अज्ञानाचाच पर्याय. त्यामुळे अंधार राखण्यासाठी एखाद्या गावाने कायदा करावा, हे प्रथमदर्शनी विपरीतच वाटते. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या फ्लॅगस्टाफने तो १९५८ साली केला. तेथील लॉवेल वेधशाळा १८९४ची. १९३० साली प्लूटोचा शोध लागला तो तिथेच. या पहिल्या नियमाचा रोख घरगुती दिव्यांवर नव्हता. जाहिरातीसाठी आकाशात झोत फिरवणाऱ्या सर्चलाइटांना त्याने बंदी घातली.

पुढे गाव वाढले आणि एवढे पुरेना. १९८९ साली दर एकरामागे बाहेरच्या दिव्यांचा प्रकाश किती ल्युमेन असावा, याची मर्यादा ठरली. दोष एखाद्याच झगझगीत दिव्याचा नसून सर्वांच्या दिव्यांच्या बेरजेचा असतो, ही त्यामागची खरी जाण. उजेडाला विरोध नव्हताच; तो वर न जाता जमिनीवर पडावा, इतकाच आग्रह होता. २००१ साली फ्लॅगस्टाफ जगातले पहिले ‘डार्क स्काय’ शहर ठरले.

२०२४ साली महाराष्ट्रातील पेंच व्याघ्रप्रकल्पाला भारतातील पहिल्या ‘डार्क स्काय पार्क’चा मान मिळाला. पण ते अरण्य आहे. नांदत्या गावाने आपणहून दिव्यांना मर्यादा घालून घेणे, ही याहून अवघड गोष्ट; आणि चांदणे हरवले आहे ते गावांतच.