पूर ओसरल्यानंतरचे वाचनालय

लातुरात उभे राहून पुराविषयी बोलणे थोडे चमत्कारिक वाटेल. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी या शहरात आली, तेव्हा दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले आणि ते पाहावयास माणसे रुळाच्या कडेला जमली होती. ते पाणी कृष्णेचे होते. त्यानंतर तीन वर्षांनी, ऑगस्ट २०१९ मध्ये, हीच कृष्णा काठ सोडून सांगली शहरात शिरली. १८६९ साली स्थापन झालेल्या तेथील नगर वाचनालयाने नुकतीच दीडशे वर्षे गाठली होती. त्याच्या कपाटांतही हे पाणी गेले. ज्या नदीने आमची तहान भागविली तिनेच सांगलीकरांची पुस्तके बुडविली. तेव्हा हा विषय लातूरकरांना परका आहे असे मी मानीत नाही. नांदेडकरांना तर तो समजावून सांगावयासच नको. गोदावरीचे पाणी २००६ साली त्यांच्या वस्तीत आले होते, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात हसनाळ, रावणगाव या गावांवर रातोरात पाणी आले, ते सर्वांच्या स्मरणात आहे.

घर बुडाले म्हणजे काय होते ते सर्वांना कळते. वाचनालय बुडाले म्हणजे काय होते, हे मात्र पुष्कळांना सावकाश कळते. पहिल्या आठवड्यात त्याची कोणी चौकशी करीत नाही, आणि ते योग्यच आहे. आधी माणसे, मग धान्य, मग दुकाने. वाचनालयाची पाळी येते तोवर आतील कागद कुजू लागलेला असतो.

आमच्या मराठवाड्यात वाचनालय ही वस्तू फुरसतीच्या वेळची करमणूक म्हणून आलेली नाही. निजामी अमलात जाहीर सभेला सरकारी परवानगी लागे. गश्ती निशाण ५३ हे त्या हुकुमाचे नाव जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे. संस्थानाबाहेरच्या कित्येक वर्तमानपत्रांना येथे मज्जाव होता. अशा काळात पाच-दहा माणसांनी एका खोलीत बसून एकाने मोठ्याने वाचावयाचे व इतरांनी ऐकावयाचे, ही परवानगीवाचून भरणारी सभाच होती. परभणीचे गणेश वाचनालय १९०१ चे. त्यानंतर छत्तीस वर्षांनी, १९३७ मध्ये, महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूरला भरले, आणि पुढचे लातूरला. आधी वाचनाची खोली, मग परिषद, मग १७ सप्टेंबर १९४८, असा हा क्रम आहे. माझ्यासारख्या शाळा अर्धवट सुटलेल्या माणसाने जे काही शिकावयाचे ते अशाच एका खोलीत शिकले. आमचे हमाल-मापाडी माथाडी कायदा वाचावयास तेथेच बसत, कारण आडत बाजारात कायद्याचे पुस्तक कोण ठेवतो!

आता ज्या वाचनालयाची हकीकत मला विशेष सांगावयाची आहे ते कोकणात, चिपळुणास आहे. त्याचे नाव लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर. स्थापना १८६४ ची. म्हणजे टिळक आठ वर्षांचे असताना ही संस्था निघाली व पुढे तिने त्यांचे नाव धारण केले. चिपळूण वाशिष्ठी नदीच्या काठी वसलेले आहे. शिव नदी शहरातून वाहत येऊन तिला मिळते, आणि वाशिष्ठी पुढे दाभोळच्या खाडीतून समुद्राला जाते. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस कोसळत असतानाच खाडीला भरती आली की पाण्याला वाट राहत नाही आणि ते गावात पसरते. शिवाय कोयना प्रकल्पात वीज करून झाल्यावरचे पाणी कोळकेवाडीवरून याच वाशिष्ठीत सोडले जाते. पूर नेमका कोणामुळे येतो यावर तेथे पुष्कळ वाद झाले आहेत. मी त्यात शिरत नाही.

२६ जुलै २००५ हा दिवस सर्वांना मुंबईमुळे आठवतो. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच पावसात चिपळूण बुडाले आणि वाचन मंदिराच्या ग्रंथांचा चिखल झाला. संस्था तेव्हा १४१ वर्षांची होती.

पाणी ग्रंथाचे काय करते, हे पोती वाहणाऱ्यांना लवकर समजते. कोरडे पोते आणि भिजलेले पोते यांच्या वजनातला फरक ज्याच्या पाठीला ठाऊक आहे, त्याला भिजलेल्या कपाटाविषयी निराळे सांगावे लागत नाही. कागद पाणी पितो आणि फुगतो. फळीत दाटीने लावलेली पुस्तके फुगली की एकमेकांत अशी घट्ट बसतात की ओढावयास जावे तर पुठ्ठा हातात येतो व पाने आत राहतात. कधी फुगलेल्या पुस्तकांच्या रेट्याने कपाटच उकलते. लाकडी कपाटाची दारे फुगून अडकतात. चकचकीत कागदाची चित्रमय पुस्तके वाळली की त्यांची वीट होते, पान सुटत नाही. याउलट, जुना हातकागद आणि काजळीची शाई यांच्या पोथ्या कधी कधी तगून जातात, आणि गेल्या शंभर वर्षांतील लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आधी जातो. बुरशी दोन-तीन दिवसांतच धरते. कोकणातील जुलै महिना म्हणजे ऊन नाही आणि हवा ओलीचिंब. पुस्तक वाळवावयाचे तरी कोठे?

इटलीतील फ्लोरेन्स शहराला या बाबतीत एक सोय मिळाली, ती थंडीची. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदी तेथील राष्ट्रीय ग्रंथालयात शिरली आणि लाखो ग्रंथ व कागद चिखलात गेले. देशोदेशींची तरुण मुले रांगा करून हातोहात पुस्तके वर काढीत होती. त्यांना लोक ‘चिखलातले देवदूत’ म्हणू लागले, व ते नाव पुढे जगभर झाले. पण मला त्या हकीकतीत दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. ओले ग्रंथ भुशाने टिपून गाड्यांतून नेले गेले ते तंबाखू सुकविण्याच्या कोठारांत, कारण हळूहळू उष्णता देण्याची विद्या तेथील कामगारांपाशी होती. ग्रंथ धुण्याचे काम रेल्वे स्थानकाच्या तापयंत्र-घरात चालले. इंग्लंडहून बांधणीकार आले, त्यांत पीटर वॉटर्स हे प्रमुख, आणि त्यांच्या हाताखाली स्थानिक माणसे हा धंदा शिकली. देवदूत काही आठवड्यांनी घरी गेले; पुस्तके बांधणारे कित्येक वर्षे बसून होते. त्यांना पगार द्यावा लागला, आणि तो दिला गेला म्हणून काम झाले.

आपल्याकडे मदत येते ती पुस्तकांच्या रूपाने येते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, तेव्हा पुण्याच्या नारायण पेठेतील, १९११ साली निघालेले पुणे मराठी ग्रंथालय त्या पाण्यात सापडले. पुढे त्यालाही समाजानेच हात दिला. चिपळूणलाही गावोगावहून ग्रंथ आले. ही उदारता मोठी आहे, पण तिच्यात एक अडचण असते, ती स्पष्ट बोललेली बरी. देणारा स्वतःला नको असलेले देतो. एकाच कादंबरीच्या चाळीस प्रती येतात आणि जिल्ह्याचे जुने गॅझेटियर एकही येत नाही. काय गेले हे सांगावयास दाखल नोंदवही शिल्लक असेल तरच काय मागावयाचे ते ठरते. नोंदवही तळमजल्यावर टेबलाच्या खणात असेल, तर वाचनालय दोनदा बुडते: एकदा पुस्तके जातात, आणि एकदा ती होती याची आठवण जाते.

इमारतीविषयीही चार शब्द बोलले पाहिजेत, कारण पुस्तके येतात पण भिंत लवकर बरी होत नाही. चिखल ओला आहे तोवर उपसला पाहिजे. वाळला की पहारीने काढावा लागतो. कोकणातला जांभा दगड सच्छिद्र असतो व पाणी धरून ठेवतो. अशा जुन्या भिंतीला चुन्याचा गिलावा असेल तर ओल हळूहळू बाहेर पडते. घाईघाईने सिमेंट थापून रंग दिला की उद्घाटनाच्या दिवशी भिंत छान दिसते आणि पुढच्या पावसाळ्यात पापुद्रे सुटून आतल्या कपाटांना बुरशी लागते. पुढाऱ्यांना तारीख हवी असते, भिंतीला वेळ हवा असतो. आपल्या काळ्या मातीत दुखणे आणखी निराळे: ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तड भिंतीला जाते. म्हणून मराठवाड्यात पूर गेल्यावर पुढचा उन्हाळा पाहिल्याशिवाय पायाविषयी निर्णय करू नये असे जुने गवंडी सांगतात.

मग जागाच का सोडू नये, असा प्रश्न कोणी विचारील. या प्रश्नाचा लातूर जिल्ह्याला जेवढा अनुभव आहे तेवढा क्वचितच कोणाला असेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, आणि नंतर लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी हलविली गेली. मातीत बांधलेल्या जाड दगडी भिंती आणि वर माळवदाचे ओझे. ती घरे पुन्हा तशीच बांधणे वेडेपणाचे झाले असते, यात शंका नाही. पण नव्या गावांत रस्ते रुंद झाले आणि घर घरापासून दूर गेले; पारावरची बैठक मोडली, ती पुष्कळ ठिकाणी पुन्हा बसली नाही. वाचनालयाचा जीव अशा बैठकीतच असतो. भाजीची पिशवी घेऊन जाता जाता आत डोकावणारा माणूस उंच टेकडीवरच्या सुरक्षित इमारतीत जात नाही. सुरक्षित इमारत आणि रिकामी खुर्ची, असा सौदा माझ्या मते तोट्याचा आहे. जागा तीच ठेवावी, ग्रंथ वर न्यावेत. खाली वर्तमानपत्रे, बाके आणि सभेची जागा असावी, म्हणजे जे जाईल ते उद्या पुन्हा आणता येईल असेच असेल.

चिपळूणकरांनी आपली संस्था गावातच पुन्हा उभी केली. एवढेच नव्हे, जानेवारी २०१३ मध्ये शहयाऐंशीव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे यजमानपद या वाचन मंदिराने घेतले. पुरात बुडालेले एक तालुक्याचे वाचनालय साडेसात वर्षांनी साऱ्या मराठी मुलखाला जेवावयास बोलाविते, ही काही लहान गोष्ट नाही. आणि त्या संमेलनाचे अध्यक्ष होते नागनाथ कोत्तापल्ले, आपल्या नांदेड जिल्ह्यातील मुखेडचे.

त्यानंतर २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी पुन्हा आली. वाचन मंदिर १५७ वर्षांचे होते; ग्रंथ पुन्हा भिजले, चिखल पुन्हा उपसावा लागला. सोळा वर्षांत दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी दुःख असते, दुसऱ्या वेळी कंटाळा असतो, आणि संस्था दुःखाने क्वचितच मरतात, कंटाळ्याने मरतात. चिपळूणची मेली नाही. तिने पुन्हा दार उघडले.

आता पैशाची गोष्ट. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आपल्या मराठवाड्यास इतर महाराष्ट्राच्या आधी मिळाला. हैदराबाद राज्याने तो १९५५ मध्ये केला, आणि महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. कायदा आधी मिळाला म्हणून कपाटे आधी भरली असे मात्र झाले नाही. अनुदानावर चालणाऱ्या गावच्या वाचनालयात जो एक माणूस सकाळी दार उघडतो, झाडतो, पुस्तक देतो, नोंद करतो, त्याला मिळते त्यात त्याचे घर चालत नाही. पुराच्या रात्री नोंदवही वर नेणारा माणूस हाच असतो. पूरग्रस्त वाचनालयासाठी निधी जमतो तेव्हा त्यात रंगाचा खर्च असतो, फरशीचा असतो, पाटीचा तर असतोच असतो. या माणसाच्या सहा महिन्यांच्या पगाराचा आकडा मी कोणत्याही पत्रकात अजून वाचलेला नाही. फ्लोरेन्सच्या बांधणीकारांना जे मिळाले त्याचा शतांश तरी मागावयास आम्ही संघटनेची माणसे लाजणार नाही.

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या ज्या वाचनालयांच्या कार्यकारी मंडळाचे सभासद आज येथे बसले असतील, त्यांनी पावसाळ्याआधी दोन कामे करावीत. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून आजवरच्या सर्वांत मोठ्या पुराचे पाणी कोठवर आले होते ती खूण भिंतीवर रंगाने करावी, आणि त्या खुणेखालच्या फळीवर दुसरीकडे न मिळणारे एकही पुस्तक ठेवू नये. आणि दाखल नोंदवहीची एक नक्कल करून ती दुसऱ्या कोणाच्या तरी माडीवर ठेवावी. नक्कल करावयास माणूस मिळत नसेल तर आडत बाजारात निरोप द्या. आमच्यात सुवाच्य अक्षराचे तीन-चार मापाडी आहेत.