दुर्गम भागातील टेलिफोन सेवेसाठी अनुदान: डिजिटल भारत निधी आणि बदललेले नियम

थोडक्यात

ज्या भागात टेलिफोन किंवा इंटरनेट सेवा देणे कंपन्यांना परवडत नाही, तेथे सेवा पोहोचावी यासाठी केंद्र सरकार ‘डिजिटल भारत निधी’तून अर्थसाहाय्य देते. हा निधी पूर्वी ‘सार्वत्रिक सेवा दायित्व निधी’ या नावाने ओळखला जात असे. हे अनुदान लाभार्थ्याच्या बँक खात्यात जमा होत नाही. ते सेवा उभारणाऱ्या संस्थेला मिळते. गावाला मिळते ती सेवा. ती मिळत नसेल, तर मागणी व तक्रार करण्याचा मार्ग आपल्याला उपलब्ध आहे.

अनुदानाची गरज का भासते?

शहरात एका टॉवरवर हजारो ग्राहक असतात. डोंगरातील किंवा जंगलातील गावात तेवढाच खर्च करून शे-दोनशे ग्राहक मिळतात. त्यातच रस्ता नसणे, वीज अनियमित असणे, डिझेल व बॅटरीचा खर्च, वनविभागाच्या परवानग्या आणि टॉवरपर्यंत केबल नेण्याची अडचण यांची भर पडते. मिळणाऱ्या रिचार्जमधून हा खर्च भरून निघत नाही. ही तूट अनुदानातून भरून काढली जाते.

पैसा कोठून येतो?

परवानाधारक दूरसंचार कंपन्या आपल्या समायोजित सकल महसुलाच्या ५ टक्के रक्कम यासाठी शासनाकडे भरतात. हा महसूल ग्राहकांच्या बिलांतून व रिचार्जमधून येतो. म्हणजेच शहरातील ग्राहकाचाही दुर्गम गावातील सेवेला हातभार लागतो. जमा रक्कम आधी भारताच्या संचित निधीत जाते आणि संसदेच्या मंजुरीनंतर योजनांसाठी उपलब्ध होते.

आतापर्यंत काय बदलले?

१. तूट भरून देण्याऐवजी ठरलेल्या कामासाठी पैसे: ग्रामीण लँडलाइनचे भाडे खर्चापेक्षा कमी ठेवले जात असे. ती तूट भरून काढण्यासाठी २००३ पासून इतर कंपन्यांकडून ‘ॲक्सेस डेफिसिट चार्ज’ घेऊन बीएसएनएलला दिला जात होता. २००८ मध्ये ही पद्धत बंद झाली. १ एप्रिल २००२ पासून अस्तित्वात आलेल्या निधीतून मात्र कोणत्या गावात कोणती सेवा द्यायची हे ठरवून अनुदान दिले जाऊ लागले. अनेक योजनांत निविदा मागवून सर्वांत कमी अनुदान मागणाऱ्या कंपनीला काम देण्यात आले.

२. लँडलाइनबरोबर मोबाइल व ब्रॉडबँड: सुरुवातीला निधी गावातील सार्वजनिक टेलिफोन व लँडलाइनपुरताच होता. २००६ च्या कायदादुरुस्तीने मोबाइल आणि ब्रॉडबँडलाही साहाय्य देणे शक्य झाले. त्यानंतर ग्रामीण भागात अनुदानातून सात हजारांहून अधिक टॉवर उभारण्याची योजना आली. एकच टॉवर तीन कंपन्यांपर्यंत सामायिक वापरता यावा, अशी त्यात तरतूद होती.

३. नवा कायदा: दूरसंचार अधिनियम, २०२३ नुसार निधीचे नाव ‘डिजिटल भारत निधी’ झाले. त्याचे नियम ३० ऑगस्ट २०२४ रोजी अधिसूचित झाले. ग्रामीण व दुर्गम भागांसोबत सेवेपासून वंचित शहरी भाग, तसेच महिला, दिव्यांग व दुर्बल घटक यांचाही आता विचार होतो. संशोधन व प्रायोगिक प्रकल्पांनाही निधी देता येतो.

४. एक टॉवर, अनेक कंपन्यांचे ग्राहक: पूर्वी अनुदानातून उभारलेल्या टॉवरवर अनेक ठिकाणी एकाच कंपनीचे सिम चालत असे. जानेवारी २०२५ मध्ये निधीतून उभारलेल्या ४जी टॉवरवर ‘इंट्रा सर्कल रोमिंग’ सुरू करण्यात आले. त्यामुळे बीएसएनएल, एअरटेल व जिओ यांचे ग्राहक एकमेकांच्या अशा टॉवरवरून सेवा घेऊ शकतात.

सध्याच्या प्रमुख योजना

• ४जी सॅच्युरेशन प्रकल्प: जुलै २०२२ मध्ये मंजूर. खर्च २६,३१६ कोटी रुपये. नेटवर्क नसलेल्या २४,६८० गावांत ४जी सेवा देणे हा उद्देश. काम बीएसएनएलकडे आहे. टॉवर उभारणीसोबत पाच वर्षे चालवण्याचा खर्चही यात धरला आहे. पुनर्वसन, नवी वस्ती किंवा आधीच्या कंपनीने सेवा बंद करणे अशा कारणांसाठी २० टक्के अधिक गावे घेण्याची तरतूद आहे.

• आकांक्षित जिल्ह्यांतील ४जी योजना: नोव्हेंबर २०२१ मध्ये मंजूर. महाराष्ट्र, छत्तीसगड, झारखंड, ओडिशा व आंध्र प्रदेश या पाच राज्यांतील ७,२८७ गावांसाठी.

• सुधारित भारतनेट: ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर. खर्च १,३९,५७९ कोटी रुपये. पूर्वी ग्रामपंचायती एका सरळ ओळीत जोडलेल्या होत्या. एका ठिकाणी केबल तुटली की पुढच्या सर्व ग्रामपंचायतींचे इंटरनेट बंद पडे. आता वर्तुळाकार जोडणी केली जाते, म्हणजे एका बाजूने केबल तुटली तरी दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहू शकते. ग्रामपंचायतीबाहेरील गावांना मागणीनुसार जोडणी देण्याची तरतूद आहे.

• बेटांसाठी समुद्राखालील केबल: चेन्नई ते अंदमान-निकोबार (२०२०) आणि कोची ते लक्षद्वीप (२०२४).

आपल्या गावात नेटवर्क नसेल तर काय करावे?

१. गावात दुसऱ्या कंपनीचा टॉवर असेल, तर फोनमध्ये नेटवर्क निवड ‘ऑटोमॅटिक’ ठेवा आणि रोमिंग सुरू करून पाहा.

२. गावात सेवा आहे, पण नीट चालत नाही, अशा वेळी प्रथम आपल्या कंपनीच्या तक्रार केंद्रात तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे अपील करता येते. अपिलासाठी शुल्क नाही.

३. गावात कोणतेच नेटवर्क नसेल, तर ग्रामसभेत ठराव करून तो जिल्हाधिकारी कार्यालयाकडे द्या. केंद्र सरकारच्या ‘सीपीग्राम्स’ तक्रार पोर्टलवर दूरसंचार विभागाकडेही निवेदन नोंदवता येते.

४. अर्जात जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत आणि गावाचा जनगणना कोड लिहा. वाडी, पाडा, तांडा किंवा वस्ती मूळ गावापासून दूर असेल, तर तिचे नाव व अंतर स्वतंत्रपणे नमूद करा. मूळ गावात सिग्नल असल्यामुळे संपूर्ण गाव ‘नेटवर्क असलेले’ धरले जाऊ शकते आणि वस्ती मागे राहू शकते.

सावधान: टॉवरच्या नावाने फसवणूक

‘आपल्या जमिनीवर सरकारी टॉवर मंजूर झाला आहे, नोंदणी शुल्क भरा’ असे फोन, संदेश व बनावट पत्रे येतात. दूरसंचार विभाग किंवा ट्राय टॉवरसाठी जमीनमालकाकडून शुल्क, कर किंवा अनामत घेत नाही आणि ना हरकत प्रमाणपत्रही देत नाही. या निधीतून कोणाच्याही खात्यात थेट रक्कम जमा होत नाही, म्हणून त्यासाठी आधार क्रमांक, बँक तपशील किंवा ओटीपी कोणालाही देऊ नका. पैसे गेले असल्यास विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवा. फक्त संशयास्पद फोन किंवा संदेश आला असेल, तर ‘संचार साथी’ पोर्टलवरील ‘चक्षू’ सुविधेत त्याची नोंद करा.