अंबरनाथचा कातळ आणि रंगांची सीमा

अंबरनाथच्या शिवालयातील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळातील हे मंदिर वालधुनीच्या काठी, काळ्या कातळात उभे आहे. १८६८ साली सरकारी पुढाकाराने त्याची रेखाचित्रे व शिल्पांचे साचे तयार करण्यात आले. त्या नोंदींतून आकार जपला गेला. रंग मात्र निसटला.

त्या काळच्या छायाचित्रणाचीही मर्यादा तीच होती. ओल्या कोलोडियनच्या काचेवर निळा प्रकाश चटकन उमटे, तांबडा जवळजवळ उमटतच नसे. त्यामुळे आकाश पांढरेफटक येई आणि कुंकू काळे. म्हणजे कोणता रंग ‘आहे’ आणि कोणता ‘नाही’, हे साधनच ठरवीत होते. आजही ते तसेच ठरते, फक्त त्याला आता ‘कलर स्पेस’ अर्थात रंगावकाश असे नाव आहे.

मॅक्सवेलने १८६१ मध्ये तांबडा, हिरवा व निळा अशा तीन गाळण्यांतून रंगीत चित्र सिद्ध करून दाखविले. १९३१ मध्ये मानवी डोळ्याला दिसणाऱ्या रंगांचा आंतरराष्ट्रीय नकाशा निश्चित झाला. त्या नकाशावर एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये संगणकाच्या पडद्यासाठी एक त्रिकोण आखला, तो एसआरजीबी. १९९८ चा अ‍ॅडोबी आरजीबी छपाईची गरज ओळखून अधिक विस्तृत केलेला.

मोठा त्रिकोण अधिक चांगला, या समजुतीने आम्ही मंदिराची छायाचित्रे अ‍ॅडोबी आरजीबीत घेतली आणि महाविद्यालयातील प्रदर्शनासाठी एका दुकानात छापून आणली. सारीच फिकट आली. कारण उघड होते. दोन्ही अवकाशांत प्रत्येक रंगासाठी ० ते २५५ हेच आकडे असतात. त्यांचा अर्थ तेवढा निराळा असतो. अर्थ सांगणारी प्रोफाइल वाचली गेली नाही, की विस्तृत अवकाशातले आकडे लहान अवकाशातले समजले जातात. एका लिपीत लिहिलेला मजकूर दुसरी समजून वाचावा, तसाच हा प्रकार!

शिवाय या दोन त्रिकोणांचे तांबडे व निळे कोपरे एकच आहेत. फरक आहे तो हिरव्या कोपऱ्यात. म्हणून करड्या कातळाला मोठ्या अवकाशाचा लाभ नाही, कुंकवालाही फारसा नाही. उल्हासनगरच्या कापडबाजारातील एखाद्या गडद मोरपंखी वस्त्राला मात्र तो होऊ शकतो.

आता प्रश्न वालधुनीचा. रासायनिक सांडपाण्याने रंगलेल्या तिच्या पाण्याची छायाचित्रे हा पुरावा आहे. अवकाशाबाहेरची छटा एकदा छाटली गेली, की ती मागाहून गडद करता येते, परत मिळवता येत नाही. आणि गडद केलेल्या चित्रावर विश्वास कोणी ठेवावा? म्हणून आमचा आग्रह असा: मूळ ‘रॉ’ फाइल हस्तलिखितासारखी जपावी, कारण तिला कोणताही रंगावकाश चिकटलेला नसतो. संस्करण विस्तृत अवकाशात, सोळा बिटांत करावे. पडद्यासाठी एसआरजीबीची प्रत काढावी, छापखान्यासाठी त्याला विचारून, आणि प्रत्येक प्रतीत प्रोफाइल जोडावी. १८६८ च्या नोंदकर्त्यांना रंग टिपण्याचा पर्याय नव्हता. आम्हाला तो आहे.