किल्लेदार आणि जादूची पेटी

सन १८०५. अथेन्सच्या ॲक्रॉपोलिस टेकडीवर एडवर्ड डॉडवेल नावाचा प्रवासी पार्थेनॉन या प्राचीन मंदिराचे चित्र काढीत बसला होता. जवळ कॅमेरा ऑब्स्क्युरा, म्हणजे भिंग आणि आरसा बसवलेली पेटी. समोरचे दृश्य तिच्यातल्या कागदावर उमटे आणि चित्रकाराने ते गिरवायचे. ग्रीस तेव्हा तुर्कांच्या ताब्यात होता आणि ॲक्रॉपोलिस हा त्यांचा किल्ला.

पैशांसाठी सतावणारा किल्लेदार तिथे आला. कागदावर अख्खे मंदिर रंगांसकट पाहून तो चक्रावला, दाढी कुरवाळीत अल्लाचे नाव घेऊ लागला. तेवढ्यात त्याचेच काही शिपाई आरशासमोरून गेले आणि कागदावर चालू लागले! मग मात्र किल्लेदार खवळला. डुक्कर, सैतान, बोनापार्ट अशा शिव्या देत म्हणाला, हवे तर मंदिर ने, किल्ल्यातले सगळे दगड ने. पण माझे शिपाई तुझ्या पेटीत घालू देणार नाही. डॉडवेलने उलट दम भरला, छळशील तर तुलाच पेटीत घालीन. त्यानंतर किल्लेदार त्याच्या वाटेला गेला नाही.

डॉडवेलनेच ही हकिकत आपल्या ग्रीसच्या प्रवासग्रंथात सांगितली आहे. त्याचे दोन खंड १८१९ साली लंडनला निघाले. ती वाचताना मला आधी हसू आले, मग ते ‘दगड ने’ खटकले. कारण दगड खरोखरच जात होते. डॉडवेल १८०१ साली पहिल्यांदा ग्रीसला गेला तेव्हा लॉर्ड एल्गिनची माणसे पार्थेनॉनची शिल्पे उतरवीत होती. खांबांवरच्या पट्टीतल्या कोरीव शिळा सुटाव्यात म्हणून त्यांच्यावरची भव्य कंगणी खाली लोटून दिली गेली. हे डोळ्यांदेखत पाहावे लागल्याची खंत त्याने स्पष्ट लिहून ठेवली आहे.

म्हणून डॉडवेल संत होता असे नव्हे. कॉरिंथकडे त्याने विकत घेतलेली एक प्राचीन मातीची डबी, झाकणावर रानडुकराच्या शिकारीचे चित्र असलेली, आज म्युनिकच्या संग्रहालयात त्याच्याच नावाने ओळखली जाते. दुसऱ्याने नेली ती लूट, आपण आणला तो नमुना! साहेबलोकांचा हिशोब असाच असे.

ग्रंथापेक्षा मला मोलाची वाटतात ती चित्रे. डॉडवेल आणि त्याचा इटालियन सोबती सिमोने पोमार्दी यांनी ती शेकड्यांनी काढली. ओढ होती प्राचीन ग्रीकांची. पण पेटीला निवडानिवड कुठली ठाऊक? १६८७ च्या स्फोटात फुटलेले पार्थेनॉन, त्याच्या पोटात लहानशी मशीद, भोवती तुर्कांची दाटीवाटीची घरे, सगळेच कागदावर उतरले. ग्रीस स्वतंत्र झाल्यावर उरलीसुरली वस्ती पाडून टेकडी मोकळी केली गेली. १८४० च्या दशकात मशीदही गेली.

२०१३ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये या चित्रांचे प्रदर्शन भरले. एल्गिनने नेलेल्या शिळा त्याच इमारतीत आहेत, आणि ग्रीस त्या परत मागतो आहे.