३ जून १९८३ : दल्ली-राजहरात शहीद रुग्णालय सुरू

भिलई पोलाद कारखान्याला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहरातील खाणकामगारांनी या दिवशी स्वतःचे रुग्णालय सुरू केले. जून १९७७ मधील गोळीबारात मारल्या गेलेल्या ११ सहकाऱ्यांच्या स्मरणार्थ त्याला ‘शहीद’ हे नाव दिले. शंकर गुहा नियोगींच्या कामगार संघटनेने हे काम अंगावर घेतले. संघटनेच्या उपाध्यक्ष कुसुमबाईंचा बाळंतपणातला मृत्यू सर्वांच्या जिव्हारी लागला होता; त्यातूनच स्वतःच्या रुग्णालयाचा निश्चय झाला. वर्गणीतून पैसा उभा राहिला, श्रमदानातून भिंती. डॉक्टरांच्या हाताखाली कामगारच मलमपट्टी शिकले. आसपासच्या खेड्यांतील शेतकरी, आदिवासींनाही दारे खुली होती. भिलईत नेहरू नगरसारख्या वसाहती बहरल्या, त्या याच खाणकामगारांच्या घामावर. त्या समृद्धीत त्यांचाही न्याय्य वाटा आहे, हे या रुग्णालयाने ठणकावून सांगितले.